उजळ केलेले वसंतकाका

वसंतकाका गेल्याचा मेसेज इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटोसकट आला, आणि फोटोतला माणूस मला ओळखूच येईना. गोरा, गुळगुळीत, गालांवर कसलीशी चकाकी. मला वाटलं, दुसरेच कुणी वसंतराव असतील. मग नाव वाचलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि रडू यायच्या आधी तळपायाची आग मस्तकात गेली... कारण तो फोटो मी काढलेला होता. गेल्या उन्हाळ्यात, इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला त्यांच्या घरामागच्या लाकडी डेकवर. काकांनी स्वतःच्याच हनुवटीखाली उजेड मोजायचा मीटर धरून मला आकडा वाचून दाखवला होता. माझ्या फोटोत ते जसे होते तसे आले होते. काळे, कपाळावर आठ्या, गालावर देवीचे दोन वण.

काका मूळ नागपूरचे, म्हणजे माझ्याच गावचे. इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होते, आणि रिटायर झाल्यावर बेसमेंटमध्ये जुने लाइट मीटर दुरुस्त करत बसायचे. मीटर म्हणजे तळहातावर मावणारं यंत्र. किती उजेड आहे ते सांगतं, त्यावरून कॅमेरा किती उघडायचा ते ठरतं. कुठून कुठून पार्सलं यायची. काका गंज चढलेली टोकं व्हिनेगरने पुसायचे, अडकलेला काटा मोकळा करायचे. हे मीटर ज्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले, ती आता मिळत नाही. नवी घातली की व्होल्टेज जास्त, काटा उजेड फुगवून सांगतो आणि फोटो अंधारे येतात. म्हणून व्होल्टेज उतरवायला ते आत एक इवलासा डायोड जोडायचे. एवढं करून तरी मीटर परत पाठवावा की नाही? नाव नको. निरभ्र दुपारच्या उन्हाचं माप ठरलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय मीटर घराबाहेर पडत नसे. आता मिशिगनच्या हिवाळ्यात निरभ्र दुपार आणायची कुठून? गिऱ्हाईकं फोनवर वैतागायची. काका थंडपणे सांगायचे, आभाळ उघडलं की पाठवतो.

त्यांचा स्वतःचा लाडका मीटर होता, त्याच्यावर पांढरा घुमट बसवलेला. मला म्हणायचे, "मीटर चेहऱ्यावर रोखला ना मीनल, की तो सगळ्यांना राखाडी करायला बघतो. गोऱ्याला मळकट करतो, काळ्याला पांढुरका. हा घुमटवाला चेहऱ्याकडे बघतच नाही. चेहऱ्यावर ऊन किती पडलंय, तेवढंच मोजतो." मी तेव्हा नुकती व्हिसावर आले होते आणि आईने नागपूरहून स्थळांसाठी फोटोचा धोशा लावला होता. काकांनी फोटो काढला. आईचा फोन आला, जरा उजळ करून द्या म्हणून. मी समोरच बसले होते. "वहिनी, उजेड मोजून काढलाय," काका म्हणाले, "पोरीत काही कमी नाही, मी वर काय घालू?" जन्मभर हळद-बेसन थापून घेतलेल्या मला असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी बेसमेंटच्या पायऱ्यांवर बसून रडले होते.

आणि अशा माणसाला यांनी मेल्यावर पांढरं केलं. शोकसभेत त्या फोटोला हार, बाजूला समई, आणि बायका म्हणतात, किती तेजस्वी दिसताहेत. तेजस्वी म्हणे. गोरेपणाला तेज म्हणायची आपली ही खोड सात समुद्र ओलांडूनही जात नाही. वर हाच फोटो मोठा करून मंडळाच्या लायब्ररीत कायमचा लावायचं ठरलं होतं. म्हणजे उद्याची पोरं ज्याला वसंतकाका म्हणणार, तो माणूस कधी जन्मलाच नव्हता. मी त्यांच्या मुलाला, अमेयला, कोपऱ्यात गाठलं.

"इट्स जस्ट अ फिल्टर, मीनलताई. डॅड वुडन्ट केअर."

"तुझा बाप एका काट्यासाठी आठवडेच्या आठवडे उन्हाची वाट बघायचा, आणि त्याला फरक पडला नसता?" माझा आवाज चढला. सेक्रेटरी म्हणाले, अहो, इथे तमाशा नको. तमाशा मी करत होते काय? वाकून नमस्कार न करता मी तडक निघून आले. काकू सगळा वेळ खाली मान घालून बसल्या होत्या. खरं सांगते, त्यांचाही राग आला मला.

परवा त्यांचाच फोन आला. कॅमेरा घेऊन ये म्हणाल्या. गेले तर डेकवर खुर्ची मांडलेली, साधी घरातली साडी, हातात काकांचा तो मीटर. "मंडळाला सांगितलंय, भिंतीवर तू काढलेला लागेल, नाहीतर काहीच नको," त्या म्हणाल्या. "आता माझाही काढून ठेव. मी गेले की हे लोक मलाही धुऊन काढतील."

मी मीटर त्यांच्या हनुवटीखाली धरला. इतक्या जवळून काकूंचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझं मनगट धरलं.

"डोळ्यांखाली हे काळं आलंय ना, ते नीट येऊ दे," त्या म्हणाल्या. "ते ह्यांचं आहे."