मावसाजींनी जमवलेली सोयरीक

वाशीम जिल्ह्यात आमच्या मावसाजींइतकं सफाईनं खोटं बोलणारा माणूस दुसरा नाही, हे मी जबाबदारीनं लिहिते आहे. घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे माझ्या शब्दाला जरा वजन आहे. शेलूबाजारला भाजी आणायला निघाले तरी जीपवाल्याला सांगतील, कलेक्टरनं बोलावलंय, भेंडी घेऊन परतताना त्यालाच सांगतील, "साहेबाले टाइम नोता." भेटेल त्याला 'जयभीम' म्हणत छातीशी ओढतात. लोकांना ती माया वाटते. प्रत्यक्षात ते तोंडाचा वास घेत असतात. उभी जवानी पिण्यात घालवून मग सोडलेला माणूस. कशी सोडली विचारलं की, "जिद्दीनं. बाटली फोडली अन् खतम." एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बापाला इतक्यांदा मिठी मारली की तो शेवटी म्हणाला, "सोयरे, आता सोडा, मी कबूल करतो."

माझा मोठा भाऊ मात्र त्यांच्या मिठीत यायचाच नाही, लांबूनच हात जोडायचा. पस्तिशी उलटलेली, लग्न नाही, लिव्हर सुजलंय असं डॉक्टरांनी सांगून झालेलं. तो झोपला की आई दाराशी त्याचा श्वास ऐकत बसायची. मी अकोल्याच्या एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला. फी ऐकून 'नंतर करते' म्हटलं, आणि ते नंतर कधीच येणार नाही हे पलीकडच्या बाईलाही कळलं. मग विचारत विचारत वाशीमच्या सरकारी दवाखान्यातली समुपदेशनाची खोली सापडली. केसपेपर काढा, बसा, बोला. दादा म्हणाला, "तो पागलांचा कमरा हाय. मी पागल हाय काय?"

मावसाजी मला म्हणाले, "पत्ता तू शोधला, आता माणूस न्यायचं माह्याकडं." आणि दादाला जाऊन सांगितलं, "वाशीमले पोरगी पाहाले जाऊ. शिकेल हाय, सरकारी दवाखान्यात हाय. ड्युटीवरच पाहून घेऊ." यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे जास्त भयंकर. दादा दाढी करून तयार. सकाळपासून घेतली नव्हती, हात थरथरत होते, म्हणून बटणं मी लावली. सोयरीक म्हटल्यावर पांढरी टोपी घालून चुलत आजोबाही जीपमध्ये चढले. ही सोयरीक म्हणजे त्याच समुपदेशनाच्या खोलीत न्यायचा बहाणा आहे, हे दारावरची पाटी वाचेपर्यंत मलाही कळलं नव्हतं.

समुपदेशक मॅडम तरुण होत्या. आजोबांनी बूड टेकताच विचारलं, "बाई, तुमच्या मामाचं आडनाव काय?"

"सांगते आजोबा. आधी पेशंट कोण ते सांगा."

दादा उठला. कान लाल झाले होते. "मावसाजी, असं फसवता मले?" तो दारापर्यंत गेला. आता गेला तर पुन्हा या पायरीवर येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात मॅडमचं लक्ष मावसाजींकडे गेलं. "काका, मागच्या महिन्यात का नाही आलात?"

मावसाजींना कधी खोटं सुचलं नाही असं झालं नव्हतं. "गुडघा..." म्हणाले आणि तिथंच अडले.

दादा वळला. "तुमी येता इथं?"

"येतो."

"अन् ते बाटली फोडली म्हनत होते?"

"बाटली फोडली, अन् सांजच्याले दुसरी आनली. जिद्द नोती बाप्पा. इथं येऊन बसतो, म्हून दिवस निघतात."

"मंग गावात काहून नाही सांगतलं?"

"तू कायले लांबून हात जोडतो?"

दादा दारातून परत आत आला. मॅडम म्हणाल्या, आधी काका. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो; आजोबा मामाचं आडनाव राहूनच गेलं म्हणून हळहळत होते. थोड्या वेळानं आतून हुंदक्यासारखा आवाज आला.

दादानं खाली बघत विचारलं, "मावसाजी रडून राह्यले काय?"

"नाही," मी म्हटलं, "खोकून राह्यले."

त्यानं मान हलवली. हात मांड्यांखाली दाबले आणि आपल्या नंबराची वाट बघत बसून राहिला.