सहा नवे संडास

दुपारी चार वाजता मुक्काम हलवायचा आहे, हे ठाऊक असलेली पलटण सकाळी सात वाजता सहा नवे संडास कशाला खणेल?

हा प्रश्न मला पडला तेव्हा ऑफिसात दुसऱ्या कुणालाच पडला नाही. आमच्याकडे असे किस्से साठत जातात, घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे. एका पिशवीत दुसरी कोंबायची, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. माझी मोठी पिशवी आता फाटायला आलीय, तेव्हा सांगूनच टाकते.

आधी धंदा काय ते सांगते. सिंगापूरमध्ये जमीन खणण्याआधी काही बिल्डर विचारतात, खाली महायुद्धातलं काही पुरलेलं नाही ना? त्याचं उत्तर आमची छोटीशी कंपनी देते. कसं? ब्रिटिश पलटणींच्या डायऱ्या वाचून. युद्ध चालू असताना प्रत्येक पलटणीतल्या एका अधिकाऱ्यानं रोज लिहायचं, आज कुठं होतो, काय केलं, किती वाजता कुठं निघालो. ते मी वाचते आणि अमुक जागी जोखीम कमी की जास्त, ते रिपोर्टात लिहिते. खाली सही माझी. थोडक्यात, बॉम्ब कुठं असेल हे सांगायचं काम टोस्टरमधून पाव उडाला तरी किंचाळणाऱ्या मुलीला दिलेलं आहे. निवडणाऱ्यांचं कौतुक.

निवडलं कुलकर्णी सरांनी. ते जहाजावर चीफ इंजिनियर होते, निवृत्तीनंतर ही कंपनी काढली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, “घाबरट आहेस का?” मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “उत्तम. घाबरट माणूस नीट वाचतो.” एवढी समज असलेला माणूस पुढं माझं एकही वाक्य गंभीरपणे घेणार नाही, हे तेव्हा कळलं नाही.

*

सेम्बावांगच्या साइटवर ज्या पलटणीचा तळ होता, तिची डायरी लिहिणाऱ्याला मी साहेब म्हणते. सहीचा नुसता फराटा आहे, नाव लागत नाही. साहेबांचं मोजमाप वेगळं होतं. एका दिवशीची नोंद अशी: “सकाळी विमानांचा हल्ला. विशेष काही नाही.” खाली पाच ओळी: “मेसचा स्वयंपाकी पळून गेला. अंडी कुणालाच नीट उकडता येत नाहीत. परिस्थिती गंभीर.”

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे नकाशे काढणारी वेई लिन मान न वळवता म्हणाली, “एग्ज आर सीरियस, लाह.” ‘लाह’ हे इथल्या इंग्रजीचं पालुपद, तिच्या जवळपास प्रत्येक वाक्याला लागतं.

*

दुसऱ्या एका दिवशी साहेबांच्या पलटणीला आठ वाजता उत्तरेला जायचा हुकूम आला. दहा वाजता दक्षिणेला. साडेअकराला, जिथून निघालात तिथं परत या. दोनला परत उत्तरेला, आणि पाचला कळलं की आठचा हुकूम दुसऱ्याच पलटणीचा होता. साहेबांनी दिवसाचा निष्कर्ष लिहिला: “माणसांना भरपूर व्यायाम झाला.”

वेई लिननं हा सगळा प्रवास नकाशावर लाल रेघेनं काढला. तिला त्यात प्रॅटा, म्हणजे इथला गुंडाळलेला पराठा दिसला, मला जिलबी. कुलकर्णी सर नकाशा बघून म्हणाले, “आमच्या जहाज कंपनीच्या हेड ऑफिसची आठवण आली.”

*

माघार घेताना पलटणीकडं एकच चालू लॉरी उरली होती आणि पायांना फोड आलेली बरीच माणसं होती. लॉरीतून काय नेलं? मेसची क्रॉकरी. साहेबांनी अभिमानानं नोंदवलंय की एक कपही फुटला नाही. पाय किती फुटले, ते लिहायला बहुधा जागा उरली नसावी.

*

आता सरांचं ऐका. एकदा बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला. मी जिन्यात पोचले तेव्हा एका हातात कीबोर्ड होता, वायरीसकट. तो का घेतला, मला आजही माहीत नाही. खाली दहा मिनिटं उभी राहिले. सर आलेच नाहीत. अलार्म बंद झाल्यावर वर गेले, तर सर चहात बिस्कीट बुडवत बसलेले.

“जहाजावर अलार्म झाला की आम्ही आधी चहा संपवायचो,” ते म्हणाले.

“आणि खरंच आग असली तर?”

“तर चहा गरम राहायचा.”

*

पवारकाकांशिवाय माझी गोष्ट पुढं जायची नाही. ते मूळचे कराडचे. आमच्या बऱ्याच साइट ज्या कंत्राटदाराकडं आहेत, त्याचे ते सुपरवायझर. वीस वर्षं सिंगापुरात आहेत, पण बोलणं अजून कृष्णाकाठचं. माझ्याशी पहिली ओळख पुंगोलच्या साइटवर झाली. त्यांनी चिखलातल्या कसल्याशा वस्तूचा फोटो पाठवला. मला त्यात बॉम्बच्या मागचं शेपूट दिसलं. मी फोन करून काम थांबवायला लावलं.

अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. “मॅडम, टेबलफॅन हाय. त्याची पाती दिसली तुमास्नी.”

“काका, पण खात्री करायला नको का?”

“व्हय व्हय. फुटला असता म्हंजे वारा आला असता की.”

त्या महिन्यात मी आणखी चारदा फोन केला. एकदा दुधाची बरणी निघाली, एकदा नळाचा तुकडा, एकदा मोठा दगड. चौथ्यांदा काहीच निघालं नाही, पण मला स्वप्न पडलं होतं. काकांनी माझा नंबर ‘भोंगा’ नावानं सेव्ह केला. हे मला वेई लिनकडून कळलं. तिला मराठी येत नाही, तरी त्यांनी तिला त्याचा अर्थ समजावून सांगितला होता, हात तोंडापाशी नेऊन, आवाजासकट.

*

मग डब्याचा दिवस उगवला. काकांनी बुकित तिमाहच्या साइटवरून फोटो पाठवला. ओल्या मातीत अर्धवट रुतलेला, चकचकीत, गोल, कडेला कड्या. खाली एकच शब्द: “बघा.”

मी बघितलं. आणि या वेळी पवारकाकांना फोन करायच्या फंदात न पडता थेट पोलिसांना केला. साइट रिकामी झाली. चाळीस माणसं दीड तास भर उन्हात रस्त्यापलीकडं उभी. जाड चिलखत घातलेला माणूस पावलापावलानं पुढं गेला, त्यानं वस्तूभोवती वाळूची पोती रचली, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या वरिष्ठाला कळवलं की आत तीन पोळ्या, वांग्याची भाजी आणि ठेचा आहे.

काकांनी माझी गंमत करायला स्वतःचा जेवणाचा डबा मातीत रोवला होता.

दोघांनाही बोलणी बसली. सरांनी नियम काढला की सायलीनं, म्हणजे मी, साइटवर फोन करायचा नाही, ईमेल करायचा. काकांनीही आपला नियम काढला. जेवणाच्या सुट्टीत, बारा ते एक, भोंग्याचा फोन घ्यायचा नाही. “त्या दिशी उपाशी ऱ्हायलो, मॅडम,” ते मला म्हणाले. “सगळं इसरंन, ठेचा न्हाई इसरायचो.”

*

या पार्श्वभूमीवर सहा संडास.

सेम्बावांगची नोंद ब्रिटिश सिंगापुरात जपान्यांना शरण गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली आहे. “सकाळी सात. तळाच्या ईशान्य कोपऱ्यात सहा नवे संडास खणले. दुपारी चार. तळ सोडला.” बस्स. मला ते खटकलं. ज्यांना चारला निघायचंय ते सहा संडास कुणासाठी खणत होते? जपान्यांच्या सोयीसाठी?

मी रिपोर्टात लिहिलं, ईशान्य कोपरा जोखीम जास्त. सरांनी खोडलं.

“सायली, क्लायंटला मी काय सांगू? संडासांमुळं काम थांबवा?”

“सर, पण निघायच्या दिवशी खणतं का कुणी?”

“सैन्यात रिकामा माणूस दिसला की त्याला खड्डा खणायला लावतात. जहाजावर आम्ही रंग लावायला लावायचो. तर्क शोधू नकोस, जोखीम कमी लिही.”

मी कमी लिहिलं. सही केली. गेल्या सोमवारी तिथं पवारकाकांच्या देखरेखीखाली पोकलेन उभा राहिला, नैर्ऋत्य कोपऱ्यापासून कामाला लागला आणि रोज थोडा थोडा ईशान्येकडं सरकत गेला. मी रोज वेई लिनला विचारायचे, आज कुठंवर आला? ती म्हणायची, “यू वरी टू मच, लाह.” आणि तरी नकाशावर बोट ठेवून दाखवायची.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या शेजारच्या तळाची डायरी आली. माल वाहणाऱ्या तुकडीची. हा लिहिणारा कारकुनी वृत्तीचा होता, अंड्यांबद्दल चकार शब्द नाही. मी तीच तारीख काढली.

“सकाळी नऊ. शेजारच्या पलटणीला दारूगोळा हलवायला दोन लॉऱ्या दिल्या. साडेदहा. लॉऱ्या रिकाम्या परत. चालकाचं म्हणणं, जेमतेम तीनशे यार्ड अंतर गेलो, एवढ्यासाठी लॉरी कशाला मागितली कळत नाही.”

तळावरच्या दारूगोळ्याच्या कोठारापासून ईशान्य कोपरा किती, म्हणून मी वेई लिनला विचारलं. तिनं मोजलं आणि पहिल्यांदाच लाह न लावता बोलली. “थ्री हंड्रेड यार्ड्स. सायली, आज पोकलेन तिथंच आहे.”

घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

सरांचा फोन बंद, कारण ते त्याच क्लायंटला काम किती सुरळीत चाललंय ते सांगायला गेले होते. ईमेल मी केला. नियम तो नियम. पोलिसांना फोन केला. त्यांनी शांतपणे पत्ता लिहून घेतला, माझं नाव विचारलं, नाव ऐकल्यावर एक क्षण थांबले, आणि म्हणाले की माणसं निघालीच आहेत, तोवर तुम्ही साइटवरच्या लोकांना लांब जायला सांगा.

तेवढंच तर मी करत होते. पवारकाकांचा फोन वाजत होता आणि आपोआप बंद पडत होता. चारदा, पाचदा. वेई लिनच्या फोनवरून लावला. तोही नाही. तिचा नंबर त्यांनी ‘भोंग्याची मैत्रीण’ म्हणून सेव्ह केला होता. आम्ही दोघी टॅक्सीत बसलो. मी मेसेज केला, ‘काका, ईशान्य कोपरा सोडा, सगळ्यांना बाहेर काढा.’ दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचला. मग त्यांचं उत्तर आलं. जेवणाच्या ताटाचं चित्र.

मी पुन्हा लावला. टॅक्सीवाले अंकल आरशातून बघत होते. “बॉयफ्रेंड आह?” त्यांनी विचारलं. वेई लिन म्हणाली, “वर्स.”

अकराव्यांदा वाजून वाजून बंद पडला. बाराव्यांदा वेई लिननं माझ्या हातातून फोन घेऊन दाबून दिला.

उचलला.

“बोला मॅडम,” पवारकाका म्हणाले. तोंडात घास होता. “किती घाई वो तुमची. मेसेज बघितला की. म्हनलं जेवून उठू, मग बघू. अन् आज कवा न्हवं ती बसायची झकास सोय झालीय बघा. लोखंडी पेट्या हायती, गंजलेल्या, पन बूड सपाट. आत्ताच पोकलेननं वर काढल्या, समद्या पोरांना एकेक पुरली. माझा डबा बी एकीवर ठिवलाय. फोटो पाठवू?”