वर चढणारी शाई

दुकानाच्या पाटीवर 'फोटो व चित्रांच्या फ्रेमा करून मिळतील' एवढंच लिहिलेलं होतं, मालकाचं नाव नव्हतं. लोक त्याला गुण्या म्हणायचे. सुतार काटकोन तपासायला वापरतात तो गुण्या कायम त्याच्या शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत असायचा, म्हणून. कुणाकडे चहाला गेला तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचा आणि मग बसायचा. बायको म्हणायची, यांच्यासमोर मान तिरकी करून बोलायचीही सोय नाही.

दुकान मुळात सासऱ्याचं. गुण्या दारं-खिडक्या करणारा सुतार होता; फ्रेमवाल्याची मुलगी केली आणि तिच्याबरोबर धंदाही पदरात पडला. पट्ट्या कापणं, कोपरे जुळवणं त्याचं, काच आणि चित्राभोवतीचा पुठ्ठा, म्हणजे माउंट, कापणं बायकोचं. काचेवर तिचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो, हे तो गिऱ्हाइकांना आपणहून सांगायचा.

मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एक चित्रकार राहायचा. तेव्हा त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. जाड हातकागदावर तो शाईची चित्रं करायचा. आधी पाण्यात विरघळलेल्या शाईचे फिकट थर, ते वाळले की मग काळाकुट्ट फटकारा. त्यात झाड नाही, घर नाही, माणूस नाही. गुण्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण 'हे काय काढलंय' असं त्याने कधी विचारलं नाही. तो एकच प्रश्न विचारायचा, "मास्तर, वरची बाजू कुठली?" चित्रकार हसायचा आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढून द्यायचा. ही त्या दोघांची पद्धतच पडून गेली होती.

चित्रकाराचं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं तेव्हा सगळ्या फ्रेमा गुण्याने केल्या. त्यात एक कागद माणसाच्या उंचीचा होता. खाली काळ्या शाईचा मोठा ढीग, त्यावर राखाडी थर, आणि त्या ढिगातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत गेलेले दहा-बारा बारीक ओघळ. गुण्याने पाठीवरचा बाण पाहून फ्रेम केली, हुक लावले, तार ओढली. प्रदर्शन संध्याकाळचं होतं. सकाळपासून तो आणि बायको हॉलमध्ये चित्रं टांगत होते. दुपारी चित्रकार आला, त्या मोठ्या चित्रासमोर स्टूल टाकून बसला आणि तासभर उठलाच नाही.

शेवटी म्हणाला, "गुण्या, हे मेलंय. उलटं कर."

"मास्तर, मागे बाण आहे."

"बाण मीच काढला ना? मग आता मीच सांगतोय."

चित्र उतरवलं. बायकोने एक टोक धरलं, त्याने दुसरं. हुक काढून विरुद्ध बाजूला नवी भोकं पाडून बसवले. सही करायची राहिली होती, म्हणून मागचा पुठ्ठा उघडून कागद बाहेर काढावा लागला. आता जी खालची बाजू झाली होती तिच्या कोपऱ्यात चित्रकाराने सही केली. काच पुन्हा पुसून बंद केली आणि चित्र वर चढवलं. काळा ढीग आता वर लोंबत होता आणि ओघळ खालून वर चढत होते. गुण्या दोन पावलं मागे सरला. चित्र त्याला कळलं नाहीच. पण या माणसाची नजर आपल्यापेक्षा फार वेगळी आहे, एवढं त्या दिवशी कळलं, आणि त्याला त्याचा अभिमानही वाटला.

त्या चित्राने चित्रकाराचं नशीब उघडलं. 'चढण' असं त्याचं नाव ठेवलं गेलं. शाई वर चढवणारा माणूस म्हणून त्याचा बोलबाला झाला. पुढे तो मुलाखतींतून सांगू लागला की ब्रश कागदाला लागण्याआधीच शाईची वाट मला दिसते. माझ्या कागदावर अपघात होत नाहीत. चित्र संग्रहालयाने घेतलं. चित्रकार बागेच्या घरात राहायला गेला, पण फ्रेमा गुण्याकडेच यायच्या, आणि त्याच्या नावामुळे शहरातल्या गॅलऱ्याही गुण्याकडे येऊ लागल्या. मुलगी शिकली, शाळेत शिक्षिका झाली. तीस वर्षं बरी गेली.

मग चित्रकाराच्या पंचाहत्तरीला संग्रहालयाने त्याच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन ठरवलं. तिथल्या अभ्यासक बाईंनी जुना पुठ्ठा बदलायला 'चढण'ची फ्रेम उघडली, तर मागे पेन्सिलीचा बाण, आणि तो उलट्या दिशेला. ही गोष्ट वर्तमानपत्राच्या कानावर गेली. त्यांनी चित्रकाराला विचारलं. त्याने सांगितलं ते रविवारच्या पानावर फोटोसकट छापून आलं. माझा फ्रेमवाला साधा माणूस, त्याने चित्र उलटं बसवलं. उद्घाटनाला गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण गरिबाच्या पोटावर पाय कशाला आणायचा, म्हणून मुकाट्याने खाली सही केली आणि गप्प बसलो.

गुण्याने ते दुकानात उभ्यानेच वाचलं. बायकोने वाचलं आणि पेपर काच पुसायच्या कागदांत टाकून दिला.

संध्याकाळी मुलगी आली. शाळेच्या स्टाफरूममध्ये दिवसभर हाच विषय होता, आणि तो फ्रेमवाला आपला बाप आहे हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. जरा चाचरत तिने विचारलं, "बाबा, खरंच तसं झालं होतं का हो? इतक्या वर्षांपूर्वी एखादी चूक होऊ शकते."

पेपरातलं वाचून लागलं नव्हतं इतकं हे लागलं. बायकोनेच मुलीला सगळं सांगितलं, आणि मुलगीही "हो, हो" म्हणाली. पण आजारी माणसाची समजूत घालावी तसं ते "हो" होतं.

दुसऱ्या दिवशी तो चित्रकाराकडे गेला. चित्रकाराने त्याला प्रेमाने बसवलं, चहा मागवला. गुण्या काय बोलणार हे त्याला ठाऊक होतं.

"अरे, तुझं नाव कुठे घेतलंय मी?"

"या शहरात तुमच्या फ्रेमा दुसरं कोण करत होतं, मास्तर?"

चित्रकार म्हणाला, "हे बघ. तुझं चुकलं तर एक फ्रेम चुकते. माझं चुकलं असं ठरलं तर सगळं आयुष्य चुकतं. आता या वयात मी काय सांगू, की ते चित्र स्टुलावर बसून जमवलं म्हणून?"

"पण ते तसंच झालं होतं ना."

"झालं होतं," चित्रकार म्हणाला, आणि निघताना त्याने शाईच्या चित्राचा एक लहानसा कागद, सही करून, त्याच्या हातात ठेवायला पुढे केला. गुण्याने तो टेबलावर तसाच राहू दिला.

तिथून तो संग्रहालयात गेला. अभ्यासक बाईंनी त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं. जुन्या फ्रेमच्या मागे हुकांच्या भोकांच्या दोन जोड्या आहेत, एक वर, एक खाली. फ्रेम बघितली तर खरं-खोटं तिथेच होईल, असं तो म्हणाला. ती फ्रेम वाळवी लागलेली म्हणून मागच्याच महिन्यात मोडून टाकली होती. मग त्याने दुसरा मुद्दा काढला. सही काचेच्या आत आहे. चित्र उलटं लागलंय हे मास्तरांना उद्घाटनातच कळलं, तर भरल्या हॉलमध्ये बंद काचेतून त्यांनी सही कशी केली?

बाई म्हणाल्या, "तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण प्रदर्शनाचं पुस्तक छापून झालंय, आणि साहेबांनी स्वतः सांगितलंय. दुसरं कुणी होतं का तिथे?"

"माझी बायको होती."

बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. तो समजायचं ते समजला.

वर्तमानपत्राला त्याने पत्र लिहिलं, मुलीने ते शुद्ध करून दिलं. त्यातल्या चार ओळी छापल्या, वर मथळा दिला, 'फ्रेमवाल्याची उलटी बाजू'. गॅलऱ्या हळूहळू यायच्या थांबल्या. तोंडावर कुणी बोललं नाही. एकीने नवीन मशीनवाला धरला, एकीने फोन उचलणं सोडलं. राहिली ती लग्नाच्या फोटोंची आणि प्रमाणपत्रांची कामं. ती आणणाऱ्यातलाही एखादा टवाळ म्हणायचा, "काका, सरळ बसवा हं."

प्रदर्शन संपायच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन बघायला गेला. 'चढण'समोर वीसेक माणसं उभी होती आणि माहिती सांगणारी तरुण मुलगी फ्रेमवाल्याचा किस्सा रंगवून सांगत होती. लोक हसले. गुण्या मध्येच म्हणाला, "तसं नाही झालं ते. मीच तो फ्रेमवाला." सगळे वळले. आता कुणीतरी विचारेल, असं त्याला वाटलं. पण एकाने मोबाइल काढला, मग सगळ्यांनीच काढले. त्या मुलीने हौसेने त्याला चित्राशेजारी उभं केलं. कुणी म्हणालं, आजोबा, हसा ना जरा. आणि तो हसला. बायको बाजूच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसून होती.

तो फोटो फिरला. महिन्याभरात दुकानात अनोळखी माणसं डोकावू लागली. तुम्हीच का ते, सांगा ना कसं झालं. सुरुवातीला तो खरी हकीकत सांगायचा, हुकांची, सहीची, सगळी. ऐकणाऱ्यांचे चेहरे पडायचे. घड्याळ बघत ते निघून जायचे. मग एका दिवशी एक जोडपं आलं, हौशी, हातात बाळाचा फोटो. त्यांनी विचारलं आणि गुण्या म्हणून गेला, "अहो काय सांगू, गडबडीत बाण बघायचाच राहिला." जोडपं खळखळून हसलं. फोटोसोबत आणखी दोन फ्रेमांचं काम देऊन गेलं.

त्यानंतर तो तसंच सांगू लागला. सांगता सांगता किस्सा वाढत गेला. उद्घाटनात आपली कशी बोबडी वळली, मास्तरांनी कसा खांद्यावर हात ठेवला, हेही त्यात आलं. चित्रकार वारला तेव्हा टीव्हीवाले आले, त्यांनाही त्याने हेच सांगितलं, आणि छान सांगितलं. मुलीने ते शाळेत सगळ्यांना दाखवलं. हे माझे बाबा, असं पहिल्यांदाच सांगून.

टीव्हीवाले गेल्यावर त्याने बायकोला विचारलं, "कसं झालं?"

ती काच कापत होती. "मी चित्राचं दुसरं टोक धरलं होतं," ती म्हणाली. "मला विचारू नका."

तेव्हापासून कुणी किस्सा विचारायला आलं की ती हातातलं काम खाली ठेवते आणि आत निघून जाते. गिऱ्हाईक गेलं की गुण्या हाक मारतो. कधी ती लगेच येते. कधी तो दोनदा हाक मारतो आणि मग काच स्वतःच कापायला घेतो. ती त्याच्याने सरळ कापली जात नाही.