घरचंच दुखणं

कोहमाऱ्याहून फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी तांदूळ निवडत होते. चौकातल्या धाबेवाल्याचा आवाज होता. "काकू, सुभेदार साहेबाइले घबराट होऊन राहिली. चहा तसाच ठेवला त्याइनं. तुमी लवकर या." गोंदियाहून मी पोचेपर्यंत त्यांना बाकावर निजवून कोणीतरी अंगावर दुपट्टा पांघरला होता. चेहऱ्यावरही... रिया, अर्णव, तुम्ही तिकडे टोरांटोला. आजोबांना शेवटचं पाहणं तुम्हांला जमलं नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे. ते त्या दिवशी कोहमाऱ्याला का गेले, हे कळल्याशिवाय त्यांचं जाणं तुम्हांला कळायचं नाही.

आमच्याकडे पाहुणा ताटावर संकोचला की म्हणतात, "घ्या जी, घरचंच आहे." म्हणजे विशेष काही नाही, मनावर घेऊ नका. आजोबा हा शब्द सगळ्यालाच लावत. विळ्यानं बोट कापलं तरी घरचंच, ताप चढला तरी घरचंच. बर्फातल्या उंच चौकीवर असताना त्यांच्या छातीत पहिली कळ आली, ती त्यांनी वर कळवलीच नाही. हाताखालचे जवान घाबरतील, एवढाच विचार. पुढच्या सुटीत आपल्या गावी, दवनीवाड्याला, धानाची रोवणी चालू असताना ते बांधीतल्या चिखलातच कोसळले. मग लष्करी इस्पितळ, मग मेडिकल बोर्ड. बोर्डावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "ये तकलीफ कहाँ से आयी?" यांनी सवयीनं सांगून टाकलं, "घर की ही है, साहब." मुदतीआधीच त्यांना घरी पाठवलं. अपंगत्वाची पेन्शन नाकारली. आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, असा निर्णय होता.

त्या कागदांची फाइल मी केली. पानांना क्रमांक घातले, लेबल लावलं. पहिल्या पानावरचा नकार वाचला आणि आतलं डॉक्टरी अक्षर नंतर सावकाश लावू म्हणून फाइल कपाटात ठेवली. 'प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचा' असं वर्गात जन्मभर बजावणाऱ्या इंग्रजीच्या बाईनं ती फाइल बारा वर्षांनी उघडली. चौथ्या पानावर, कुटुंबात हृदयविकार आहे का, या प्रश्नापुढे लिहिलं होतं : आहे.

मी ती ओळ त्यांना मराठीत सांगितली. आधी ते हसले. "मॅडम, बारा वर्षं इंग्रजीचं लोणचं घातलं होतं का?" जेवताना एकदम म्हणाले, "माहा बाप नव्वदीत आंब्यावर चढे. त्याच्या रक्तात खोट होती असं लिवलं त्याइनं?"

"अहो, तुम्हीच 'घर की' म्हणालात..."

"मी दुखणं लहान आहे म्हणून सांगतलं. बापाचं नाव कोठी घेतलं मी?"

ते रागानं बोलले नव्हते, पण मला रडू आलं. ते पाहून म्हणाले, "काऊन रडून राहिली? मले पेन्शन नाही भेटली तं चालते. ते ओळ खोडून दे." तेव्हापासून आम्हां दोघांचं तेच काम झालं. अपील मी लिहिलं. उशीर का झाला, या रकान्यात माझी चूक मीच लिहिली. पण कळ चौकीवरच सुरू झाली, याला साक्ष हवी होती आणि यांनी तर कळच लपवलेली! तेव्हा सोबत असलेला एकच जवान आमच्या जिल्ह्यातला, तो निवृत्त होऊन कोहमाऱ्याजवळच्या गावी राहतो, असं फार शोधल्यावर कळलं. त्याची सही आणायला ते एकटेच गेले. "तू आलीस तं त्याचंबी व्याकरण काढशीन," म्हणाले.

सही केलेला कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात निघाला.

तेराव्याला तो माणूस घरी आला. ओसरीवर मान खाली घालून बसला. म्हणाला, "बाई, चौकीवर सुभेदार साहेब छाती धरून बसले, मीनं पाह्यलं. पाठीवरचा बोजा मीनं घेतला तं मलेच दम देला, कोणाले सांगशीन तं पाहाय म्हणून. मीनंबी नाही सांगतलं... त्या दिवशी सही झाल्यावर म्हणे, आता बापावरचा बट्टा निंगते गड्या."

अपील अजून चालू आहे. तुमचा बाबा म्हणाला, "आई, आता कशाला?" मी त्याला म्हटलं, तारखेला मी जाणार आहे.

आणि मागच्या आठवड्यात, रिया, तुझा फोन आला. तिथल्या डॉक्टरांनी फॉर्म दिला आहे, घरात कुणाला हृदयाचा आजार होता का, तिथं काय लिहू, असं तू विचारलंस. ज्या रकान्यातून वडिलांना सोडवायला ते निघाले होते, त्यात आता ते स्वतः जाऊन बसले आहेत... खोटं लिहू नकोस. आजोबा, असं लिही. त्यांच्या आधीच्या कुणाचंही नाव लिहू नकोस. डॉक्टरांनी कारण विचारलं तर त्या चौकीची उंची सांग. अपिलाच्या सातव्या पानावर आहे, मी फोटो काढून पाठवते.