पाण्याचा डबा

माजलगावच्या मोंढ्यामागं सुग्रीव मिस्त्रीचं लेथचं दुकान आहे. ग्राइंडरपाशी दोन स्टुलं आहेत. दुसऱ्यावर बसून त्याचा मुलगा रविराज लोखंड कापायचं टूल घासून त्याला धार लावायला शिकला. घासायचं, तापलं की पाण्याच्या डब्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. एचएसएस पोलादाचा एक तुकडा सुग्रीवला असा वर्षभर पुरायचा, झिजून बोटाच्या पेराएवढा होईपर्यंत.

रविराज आता चाकणला कार्बाइडच्या कारखान्यात होता. यंदा दिवाळीला तो आला नाही, पार्सल आलं. त्यात टूलचा एक होल्डर आणि त्यात बसवायची, कापायच्या धारेची एकच चौकोनी टिप.

"बाबा, काळी भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजत्यात. ही माझ्याच मशीनवर दाबलेली हाय," तो फोनवर म्हणाला. "लई महाग पडती, पण काम तिप्पट उरकतं. घासायची न्हाई. एक कोन झिजला की दुसरा फिरवा. चार संपले की फेका."

शिफ्टची वेळ झाली. फोन बंद.

टिप दोन महिने देव्हाऱ्यात राहिली. मग सुंदरराव उसाच्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल घेऊन आला.

"उस्ताद, फडात ऊस तुटून पडलाय. कवा व्हईल?"

"आज लेकाचं टूल लावतो. तासाभरात ने."

"लेक तिकडं अन् टूल इकडं! ब्येस हाय."

सुग्रीव कसनुसा हसला. सुंदरराव चहाला गेला. लेथचा वेग वाढवला तसा निळा कीस उडू लागला आणि लोखंड आरशासारखं झालं. सुग्रीवनं वळून स्टुलाकडं पाहिलं. बघ, म्हणायला कुणी नव्हतं. धार पाहायला त्यानं टूल काढलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं डब्यात बुडवलं.

टिक्.

टिपेवर केसाएवढी भेग, एका कोनापासून दुसऱ्यापर्यंत.

उरलेला अ‍ॅक्सल एचएसएसवर झाला. दिवस मावळला. सुंदरराव कुरकुरत घेऊन गेला.

सुग्रीवनं स्वतःच फोन लावला. "तुझी टिप फुटली, बाळा. पाण्यात घातली म्या."

"आवं बाबा, तापलेली टिप पाण्यात कावून घातली? तडकतीच की ती!"

"तू सांगितलं न्हाईस."

पलीकडं मशीनचा आवाज येत राहिला.

"माझं चुकलं. दुसरी पाठवतो."

"पाठवू नको. घेऊन ये."

"बघतो... सुट्टी भेटली तर."

सुग्रीवनं फोन ठेवला. जुनं टूल घासायला बसण्याआधी त्यानं दुसऱ्या स्टुलावरचा कीस हातानं झाडला.