प्रणितानं सोडलेलं अंडं

"सर, आमच्या पोरीला तुम्ही कसला नेम दिलाय? बाया म्हणतात, अंडं सोडलं म्हणून शाळेत तिचं कौतुक झालं. परवा घरी मटण खाल्लं की तिनं." प्रणिताची आई ऑफिसच्या दारातच उभी होती. "अन् आता शाळंत जायचं न्हाय म्हणायलीय. मामाकडं कुर्डुवाडीला धाडू का हिला?"

मी परंडा तालुक्यातल्या एका शाळेचा हेडमास्तर होतो. त्या वर्षी दुपारच्या खिचडीसोबत आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं मिळायचं. न खाणाऱ्याला केळं. सहावीतली प्रणिता आधी अंडं घ्यायची. एक दिवस म्हणाली, "सर, म्या अंडं सोडलं." एवढ्या वयात नेम! मी भारावलो. परिपाठात, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतर, तिला पुढं बोलावून सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या. काही पोरी खाली मान घालून हसत होत्या. मला ते कौतुकाचं हसू वाटलं.

मग घरी मटण आणि शाळेत केळं, हे काय? मला कुतूहल वाटायला लागलं. प्रणिताला विचारलं. "आवडत न्हाय," एवढंच. वर्गाला विचारलं, "हिला कुणी त्रास देतं का?" सगळा वर्ग एका सुरात, "नाही सर."

बाहेर आल्यावर त्यांच्या वर्गशिक्षिका जगताप बाई म्हणाल्या, "सगळ्यांपुढं विचारल्यावर कोण बोलणार, सर? जेवताना बघा. मी मागंच म्हटलं होतं तुम्हाला."

म्हटलं होतं. मुलींची भांडणं म्हणून मी सोडून दिलं होतं.

पुढच्या अंड्याच्या दिवशी मी ताट घेऊन सहावीच्या पंगतीत बसलो. वाढायची ड्यूटी सातवीच्या मुलींकडं. त्यांत वैष्णवीचा शब्द चालायचा. वक्तृत्वात पहिली, माझी लाडकी. मी माझं अंडं प्रणिताच्या ताटात ठेवलं. तिनं ते सफाईनं सोललं. वैष्णवी वाढत जवळ आली तसं, वर न बघता, तिच्यापुढं धरलं. वैष्णवीनं माझ्याकडं बघून हात मागं घेतला. आजूबाजूच्या एकाही पोरानं मान वर केली नाही. दमदाटी नाही, शब्द नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

वैष्णवीला एकटीला बोलावलं.

"सर, म्या कधी मागितलं न्हाय. तीच देते."

"आणि नाही दिलं तर?"

"मग आमी खेळात घेत न्हाय. कुणीच बोलत न्हाय तिच्याशी."

"म्हणून ती केळं घ्यायला लागली?"

"व्हय. तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्या, तवापासून 'महाराज आले, वाट सोडा' म्हणतात तिला सगळे."

तिला चिडवायचं नावसुद्धा मीच पुरवलं होतं.

वैष्णवीला परिपाठात उभं केलं नाही. तो प्रयोग एकदा करून झाला होता. वाढायची ड्यूटी आम्ही शिक्षकांनी घेतली आणि पंगतीत मुलांच्या मधे बसायला लागलो. खेळाच्या तासाला जगताप बाई चिठ्ठ्या टाकून संघ पाडायच्या, म्हणजे कुणाला वगळता येत नव्हतं. मी प्रणिताच्या घरी गेलो. आईसमोर तिला सांगितलं, "चूक तुझी नाही. माझी आहे."

तिनं विचारलं, "आता परत अंडं घेतलं तर हसतील का?"

"हसतील थोडे दिवस. मी शेजारी बसेन."

पुढं तालुक्याच्या साहेबांची व्हिजिट झाली. हेडमास्तर मुलांसोबत जेवतात, याचं त्यांना फार कौतुक. माझा सत्कार झाला. मी हार घालून घेतला आणि जगताप बाईंचं नाव घेतलं नाही. निवृत्त झालो तरी ते टोचतं, म्हणून हे लिहिलं.

प्रणिता कुर्डुवाडीला गेली नाही. बरेच आठवडे ती केळंच घेत राहिली. मग एके दिवशी तिनं ताट पुढं केलं. "अंडं द्या, सर." माझ्या शेजारी बसून तिनं ते सावकाश खाल्लं. टरफलं माझ्या ताटात टाकली.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढं शिकलो होतो.