ढोकेवस्तीचं अर्धं बोअर

हातोडा लाल थराला लागला आणि त्याच वेळी साहेबांची जीप ओढ्यातून वर आली.

सकाळपासून बोअरमधून राखाडी भुकटी उडत होती. म्हणजे खाली अखंड काळा दगड. आमच्या खात्याचं रिग हवेच्या दाबावर चालायचं. कॉम्प्रेसरची हवा नळ्यांतून खाली जाते, तळाशी असलेला हातोडा खडकावर ठोके देतो, आणि फुटलेल्या दगडाची भुकटी त्याच हवेबरोबर वर येते. ती हातावर घेऊन खाली काय आहे ते ओळखायचं, हे भूवैज्ञानिकाचं काम. म्हणजे माझं. जेवणानंतर भुकटी गेरूसारखी लाल झाली. बोटांना चिकटायला लागली. मी ड्रिलर यशवंताकडे बघितलं. त्यानं नुसती मान हलवली.

आमच्या भागात दोन खडकांच्या मध्ये असा लाल मातीचा थर सापडतो. त्याच्या खालचा खडक बऱ्याचदा भेगांचा, सच्छिद्र असतो. पाणी असलं तर तिथं. पण या लाल थराची एक खोड आहे. ओल लागली की तो फुगतो आणि ढासळतो. त्याच्यात थांबायचं नसतं. एक तर तडक पार व्हायचं, नाहीतर लोखंडी नळी आत सोडून त्याला आवरून धरायचं. त्या नळीला केसिंग म्हणतात.

साहेब, म्हणजे आमचे उपअभियंता, जीपमधून उतरलेही नाहीत.

"शिंदे, रिग काढा. उद्या सकाळी वडजाईला उभं राहायला पाहिजे."

"सर, लाल थर लागलाय. उद्यापर्यंत निकाल लागेल."

"परवा एलएक्यू आहे."

एलएक्यू म्हणजे विधानसभेतला प्रश्न. खात्यात याहून धास्तीचा शब्द नाही. आमदार लेखी प्रश्न देतो. तो तारांकित असला तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही झेलावे लागतात. अतारांकित असला तर नुसतं लेखी उत्तर मिळतं. माझा या हत्यारावर फार विश्वास होता. मोर्चा नको, दगड नको. एका माणसानं एक साधा प्रश्न विचारायचा आणि सरकारनं सगळ्यांसमोर खरं सांगायचं. कॉलेजात असताना मी यावर मित्रांशी हमरीतुमरीवर आलो होतो.

प्रश्न वडजाईचा होता. टेकडीपलीकडचं, सांगली जिल्ह्यातलं मोठं गाव. तिथले आमदार विरोधी पक्षाचे. त्यांनी विचारलं होतं की वडजाई येथे विंधन विहीर मंजूर होऊनही काम सुरू झालेलं नाही, हे खरे आहे काय? सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांच्या या दुष्काळी पट्ट्याला मिळून आमच्याकडे एकच रिग होतं. ते या क्षणी ढोकेवस्तीत उभं होतं.

"उत्तर काय दिलंय, सर?"

"नाही, काम सुरू आहे, असं."

"पण काम सुरू नाही."

"म्हणूनच रिग काढा म्हणतोय." साहेबांचा आवाज चढला नाही. "सभागृहाला खोटं सांगता येत नाही, शिंदे. हक्कभंग होतो. उत्तर खरंच असलं पाहिजे."

"मग निदान केसिंग तरी सोडून जाऊ."

"स्टॉकला नाही. चार दिवसांचा प्रश्न आहे. चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळ नाही सर. बोअर कोसळेल."

"रिग काढा," साहेब म्हणाले.

लिंबाखाली वस्तीतली माणसं बसली होती. पंचवीस-तीस घरांची वस्ती. सातारा जिल्ह्याचं पार शेवटचं टोक. उन्हाळ्यात बाया ओढ्यात झरा खणायच्या आणि वाटीनं पाणी काढून घागर भरायच्या. एक घागर भरेपर्यंत पुढची बाई वाट बघत उभी. सुभेदार आबा पलटणीतून पेन्शनीवर आले ते या बोअरच्या मागे लागले. साताऱ्याच्या ऑफिसात त्यांना सगळे ओळखायचे. रिग आल्या दिवसापासून ते आपली लोखंडी ट्रंक बाहेर काढून तिच्यावर बसलेले असायचे.

नळ्या वर यायला लागल्या तसे आबा उठून आले.

"साहेब, मशिन का काडताय? यशवंता तर म्हनला, आता पानी लांब न्हाई."

"वरून ऑर्डर आहे आबा," साहेब म्हणाले. "चार दिवसांत परत येतो."

"आर्डर म्हंजे आर्डर. आमी काय बोलनार." आबा थोडे थांबले. "पर पलटनीत टेकडी निम्मी चढल्यावर, हिला सोडा आन दुसरी चढा, असा हुकूम कवा आला न्हाई बगा."

साहेब हसले. आबांनी ते गमतीनं म्हटलं नव्हतं.

बोअरच्या तोंडावर आबांनी सपाट दगड ठेवला. भोवती बाभळीच्या फांद्या लावल्या, पोरांनी दगड टाकू नयेत म्हणून. आणि ट्रंक तिथंच आणून ठेवली. "तुमी येस्तवर मी हतंच हाय," म्हणाले.

वडजाईत आमचं स्वागत झालं. शाळेच्या कंपाउंडजवळ, रस्त्यावरून दिसेल अशा जागी रिग उभं करायचा निरोप आधीच आला होता. मी पूर्वी सर्व्हे करून दाखवलेली जागा गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी होती. "तिथं रिग जायला वाट करावी लागेल. एवढा वेळ नाही," साहेब म्हणाले. नारळ फुटला. आमदारांच्या कार्यकर्त्यांनी रिगला हार घातला. एकजण यशवंताच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बगितला का आमच्या आमदाराचा दणका?"

"बगितला की," यशवंत म्हणाला. "आमालाच बसलाय."

आम्ही वीसेक फूट गेलो. प्रश्नाचा दिवस आला. संध्याकाळी मुंबईहून ट्रंककॉल आला. आमच्या प्रश्नाची पाळी येण्याआधीच प्रश्नोत्तराचा तास संपला होता. असं झालं की उत्तर बोललं जात नाही. छापील कागद सभागृहापुढे ठेवतात, आणि काम झालं. ना मंत्री उभा राहिला, ना उपप्रश्न झाला. लाल थरातून रिग उपसलं ते या एका छापील ओळीसाठी.

मी साहेबांना म्हणालो, "आता ढोकेवस्तीला जाऊ."

"पुढच्या आठवड्यात अजून दोन प्रश्न आहेत," साहेब म्हणाले.

अधिवेशन संपेपर्यंत हेच चाललं. आमचं रिग जमिनीच्या पोटात काय आहे ते बघून फिरत नव्हतं. प्रश्नांची यादी बघून फिरत होतं. जिथं प्रश्न, तिथं थोडं खोदायचं. उत्तर गेलं की उचलायचं. त्या उन्हाळ्यात आम्ही जेवढी भोकं सुरू केली, तेवढी कधीच केली नव्हती. पुरी झाली ती बोटावर मोजण्याइतकी. आणि ज्यांचा आमदार गप्प होता त्यांच्याकडे कोणी फिरकलंच नाही. ढोकेवस्तीचा आमदार सत्तेतला. तो आपल्याच सरकारला प्रश्न कशाला विचारील?

ढोकेवस्तीला आम्ही परत गेलो तेव्हा वळीव सुरू झाले होते. ट्रंक दगडाशेजारीच होती. गंजली होती.

यशवंतानं नळ्या खाली सोडल्या. लाल थरापाशी हातोडा अडला. हवा दिली, तर वर तांबडा चिखल आला आणि मग तोही थांबला. नळ्या वर काढतानाच नाकी नऊ आले.

"बसलं साहेब," यशवंत मला म्हणाला. "खालनं समदं मिटलंय."

आबांनी विचारलं, "शेजारी दुसरं न्हाई का घ्येता येनार?"

घेता आलं असतं. पण नव्या बोअरला नवी मंजुरी लागते. आबा मान हलवत घराकडे गेले. ट्रंक तिथंच राहिली.

त्या रविवारी मी सांगलीला विश्रामबागेत गेलो, वडजाईच्या आमदारांच्या घरी. सरकारी नोकरानं असं आमदाराकडे जायचं नसतं, नियम आहे. गेलो. माणूस सरळ होता, हे मला सांगितलं पाहिजे. घरात खुर्च्या मोजक्या, पुस्तकं पुष्कळ. त्यांना वाटलं मी वडजाईचं काही सांगायला आलोय.

"आलं ना रिग?" ते म्हणाले. "लेखी विचारल्याशिवाय ही मंडळी हलत नाहीत."

मी सगळं सांगितलं. वडजाईचं बोअर वीस फुटांवर सोडलंय, हेही सांगितलं.

"म्हणजे मी विचारलं नसतं, तर त्या वस्तीला पाणी लागलं असतं?"

"बहुतेक."

"मग मी काय करायचं? विचारायचंच नाही?"

मी म्हणालो, "आता ढोकेवस्तीचं विचारा."

"तो माझा मतदारसंघ नाही. पण विचारतो. तारांकित करून उपयोग नाही, पाळी येत नाही. अतारांकित देतो. लेखी उत्तरातून तरी सुटका नाही."

त्यांनी शब्द पाळला. पावसाळी अधिवेशनात प्रश्न दिला. मुंबईत विधानभवनातून तो सचिवालयात गेला. तिथून मोठ्या ऑफिसात, तिथून आमच्या ऑफिसात, आणि शेवटी तातडीची लाल पट्टी लावून माझ्या टेबलावर आला. कारण ढोकेवस्तीची माहिती माझ्याकडे होती. लोकांना वाटतं, मंत्री उत्तर देतो. मंत्री वाचतो. उत्तर लिहितो तो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच. घरफोडीचा पंचनामा चोराकडून लिहून घ्यावा तशी ही रीत आहे, आणि तिला कोणी हसत नाही.

प्रश्न असा होता: ढोकेवस्ती येथील विंधन विहिरीचे काम अर्धवट सोडून रिग अन्यत्र नेण्यात आले, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय? काम केव्हा पूर्ण होणार?

मी लिहिलं, "होय." पुढे कारण लिहिलं, जसं होतं तसं. विधानसभेतल्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी रिग हलवलं. केसिंग न घातल्यामुळे बोअर ढासळलं. शेजारी नवीन बोअर तातडीनं घ्यावं.

साहेबांनी ते शांतपणे वाचलं. पेनाचं टोपण काढलं आणि सगळ्यावर एक तिरकी रेघ मारली. खाली त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं: हे अंशतः खरे आहे. भूस्तरातील प्रतिकूल परिस्थितीमुळे विंधन विहीर अयशस्वी झाली. काम पूर्ण करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

"यातला एक शब्द खोटा दाखवा," ते म्हणाले.

मी दोनदा वाचलं. थर प्रतिकूल होता. बोअर अयशस्वी झालं होतं. आता पूर्ण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"सर, अयशस्वी लिहिलं की वस्ती यादीतून जाते." तसा नियम होता. जिथं बोअर फेल, तिथं पाणी नाही असं धरायचं आणि पुन्हा पैसा घालायचा नाही. "तिथं पाणी नाही असं कोणी सिद्ध केलं? आपण तिथवर गेलोच नाही."

"प्रश्नात ते विचारलेलं नाही. जेवढं विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्यायचं असतं. सही करा."

"मी करणार नाही."

"नका करू," साहेब म्हणाले आणि स्वतः सही केली. त्यांना राग आला नव्हता. माझ्या सहीवाचून काहीच अडत नाही, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं.

सरकार खोटं बोलतं असं आपल्याकडे सगळे म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. सरकार खोटं बोलत नाही. आधी ते परिस्थिती उत्तराजोगी करून घेतं, आणि मग अगदी खरं लिहितं.

उत्तर छापून आलं. मी पुन्हा विश्रामबागेत गेलो. आमदारांनी कागद माझ्यापुढे ठेवला.

"यातलं काय खोटं आहे ते सांगा. मी सभागृह डोक्यावर घेतो."

"काहीच खोटं नाही."

"मग?" ते म्हणाले. चहा आला होता. दोघांनीही तो घेतला नाही.

माझं त्यांच्याकडे जाणं ऑफिसात कळलं. साहेबांनी एका शब्दानं विचारलं नाही. माझी लोणंदला बदली झाली, स्टेशनजवळच्या खात्याच्या गोदामावर. वॅगनमधून माल उतरवून घ्यायचा आणि नोंदवायचा. त्याला भूवैज्ञानिक लागत नाही.

लोणंदला जाण्याआधी मी ढोकेवस्तीला गेलो. निरोप दुसऱ्या कोणाकडून जावा असं वाटेना. आबा ओट्यावर बसले होते. समोरून घागरी घेऊन बाया ओढ्याकडे चालल्या होत्या.

"आबा, तुमच्या वस्तीचा प्रश्न मुंबईला विधानसभेत गेला होता."

"व्हय? कुनी इचारला?"

"वडजाईच्या आमदारांनी."

"आन सरकार काय म्हनलं?"

"बोअर फेल गेलं म्हणाले."

"ते तर आमाला हतं बसून ठावं हाय."

"वस्तीचं नाव यादीतून कमी झालंय आबा. आता नवीन मिळायचं नाही."

एका बाईच्या डोक्यावरची चुंबळ घसरली, ती तिनं सारखी करून घेतली, तोवर आबा तिच्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "त्या आमदारास्नी आमचा नमस्कार सांगा. मानूस चांगला दिसतोय. पर म्हनावं, आमच्यासाठनं आता आनि काय इचारू नगा."

लोणंदला येऊन मला आता वर्ष होत आलं. गोदामाच्या मागच्या अंगाला केसिंगच्या नळ्यांची रास आहे. वर घाणेरीचं रान माजलंय. गोदामाचा जुना चौकीदार सांगतो, मागच्या दुष्काळापासून, म्हणजे ढोकेवस्तीच्या बोअरच्याही आधीपासून, इथंच पडून आहेत, कोणी मागायला आलं नाही. मी तसं वर लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. उत्तर फक्त आमदाराला मिळतं.

उद्या एखाद्या आमदारानं विचारलंच की लोणंदच्या गोदामात केसिंगच्या नळ्या विनावापर पडून आहेत हे खरे आहे काय, तर तो प्रश्न फिरत फिरत माझ्याच टेबलावर येईल. मी "होय" लिहीन. आणि उत्तर मुंबईला पोचायच्या आत, नळ्या दुसरीकडे हलवायला ट्रक येईल.